शेवटच्या पंगतीचा ताशा

१

बन्सीधरला जाऊन तीन महिने झाले होते, आणि तो वाजवत होता.

रविकांतच्या दुकानाचे शटर अर्धे ओढलेले होते. बाहेर सेलूचे वैशाखातले ऊन. आत कूलर होता, पण गाणी नीट ऐकू यावीत म्हणून रविकांतने तोही बंद केला होता. पाच माणसे घामाने निथळत दोन स्पीकरसमोर बसली होती. पहिले गाणे सुरू झाले तेव्हा सगळे हसत होते. ते संपता संपता कोणी हसत नव्हते.

मंजुषाताईंना तो आवाज सर्वांत आधी ऐकू आला. रेडिओच्या नोकरीत त्यांनी सारा जन्म एकच काम केले होते: कान लावून बसायचे आणि जे वाजायला नको ते कुठे वाजले, ते पकडायचे. छबूबाईच्या आरडाओरड्याखाली, तात्यारावांच्या बेंजोच्या करवतीखाली, दिनकररावांच्या ड्रमच्या मागे कुणीतरी ताशा वाजवत होते. बारीक, कोरडा, घाईचा ताशा. काडीचे दोन ठोके सरळ आणि तिसरा जरा तिरका. ती तिरकी काडी या टापूत एकाच माणसाच्या हातात होती.

"रविकांता," छबूबाई हळूच म्हणाली, "ताशा कोन वाजवायलाय?"

"कोनीच न्हाई, मावशी. ताशा घेतलाच न्हाई आपून."

गाणे संपले. बेंजो थांबला, ड्रम थांबला. ताशा थांबला नाही. शांततेत तो एकटाच तसाच घाईने चालत राहिला. त्याच्या मागे घुंगरे वाजत होती, घोडीच्या गळ्यातली असतात तशी, आणि त्यातले एक घुंगरू फुटके. छुम, छुम, खट्. छुम, छुम, खट्. मग रेकॉर्डिंग संपले.

छबूबाईच्या हातातली कपबशी खाली पडली. तात्यारावांनी दोन्ही हात जोडले. दिनकरराव तेवढे सगळ्यांच्या तोंडाकडे पाहत विचारत राहिले, "काय झालं? आरं, काय झालं?"

"बन्सीधर हाय," छबूबाई म्हणाली. "आमाला न्यायला घोडी घिऊन आलाय."

आणि ती खुर्चीवरून घसरली.

२

गुलमोहर ब्रास बँड. एके काळी सेलू, जिंतूर, पाथरी, मानवत या भागात गुलमोहर मिळाल्याशिवाय लग्नाची तारीख पक्की होत नसे. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, पुढे ताशा घेऊन बन्सीधर. त्याच्या मागे दिनकररावांचा ड्रम, तात्यारावांचा बेंजो, आणि भोंगा बांधलेल्या हातगाडीवर माईक धरून उभी असलेली छबू. मंजुषाताईंची ती गल्लीतली मैत्रीण. बापाचा मार खाऊन छबू बँडमध्ये गायला गेली होती; तिचा तो पहिला लाल कोट मंजुषाताईंनीच आपल्या घरी लपवून ठेवला होता.

मग डीजे आले. लाल कोट पेट्यांत गेले. आणि गेल्या दिवाळीत, सत्तरीला टेकलेल्या या चौघांनी ठरवले की आता दुसऱ्याच्या लग्नात वाजवायचे नाही, आपल्या मनातले वाजवायचे. मनात काय होते? नुसता राग होता. बँडवाल्यांना नेहमी शेवटच्या पंगतीला बसवायचे, तोवर वांग्याची भाजी संपलेली असायची आणि बुंदीचा नुसता चुरा उरलेला असायचा.

'नवरदेव गेला, पाव्हणे गेले, आमचं ताट कुटं ठेवलं?' एवढ्याच ओळी छबूबाई कोकलून कोकलून गायची. रविकांतची मुलगी राजनंदिनी पुण्याहून आली, तिने ते ऐकले आणि म्हणाली, "बाबा, याला पंक म्हणतात, चिडून ओरडायचं संगीत!" पंक म्हणजे संस्कृतात चिखल, असे मंजुषाताईंनी सांगितल्यावर तात्याराव म्हणाले होते, "तरीच. माजा बेंजो कुटं रुतलाय ते आत्ता कळलं."

बँडचे नाव ठेवले 'भडका'. पहिल्या अल्बमचे नाव 'शेवटची पंगत'. राजनंदिनी तो सगळ्या जगाला ऐकू जाईल असा लावणार होती. आणि ऐन माघात बन्सीधर झोपेतच गेला.

आता छबूबाई भिंतीकडे तोंड करून पडली होती. डॉक्टर येऊन गेला होता. रक्तदाब वाढलाय, म्हणाला, आणि बाई जेवत का नाहीत?

"मंजे, तुला एक सांगू का?" ती म्हणाली. "आमचं भांडान झालतं. त्यो म्हनला, असलं बेसूर मी वाजवीत न्हाई. मी म्हनलं, नको वाजवू जा. तुज्यावाचून काय अडतंय? आमी वाजवू. त्यो गेला. त्याच्या फुडल्या आठवड्यात त्याची खबर आली."

"माणसं असं बोलतात, छबू."

"बोलत्यात. पर समदेच मरत न्हाईत." तिने मंजुषाताईंचा हात धरला. तिचा हात गार पडला होता. "तात्याराव म्हनतेत, परवा आमुशा हाय, त्याच्या आत समदं पुसून टाकायचं. मी बी हो म्हनलं. पर आदी तू मला सांग, कोन हाय ते. मानूस आसल तर मी गाईन. त्यो आसल…"

"तो असेल तर?"

"तर मी जाते त्याच्यामागं. मला न्हाई आता दम."

मंजुषाताईंनी तिला धीर दिला, पण त्यांचा स्वतःचा जीव थाऱ्यावर नव्हता. ते 'खट्' त्यांनी कुठेतरी ऐकले होते. कुठे, ते आठवत नव्हते. आणि आठवावे असे वाटतही नव्हते.

उठताना त्या म्हणाल्या, "दाराशी कोण आहे?"

"दिनकर आसल. रोज येतो, उंबऱ्यापस्तोर. आत येत न्हाई, बोलत न्हाई. तसाच माघारी जातो. त्यो बी लय भ्यालाय."

मंजुषाताई बाहेर आल्या तेव्हा गल्ली रिकामी होती.

३

रविकांत तात्यारावांचा पुतण्या. ज्या डीजेने गुलमोहर बँड बंद पाडला, तो डीजे त्याचाच. भुताचा फायदा त्यालाच होता; हे त्याचेच काम का, असे मंजुषाताईंनी आडपडदा न ठेवता विचारले.

"मावशी, माज्या डोक्यात आलतं," तो म्हणाला. "भूत वाजवतंय म्हनलं की दुनिया ऐकती. पर मला तसला ताशा मशीनवर पैदा करता आला आसता तर मी काकाला बँडमदी ठिवला आसता का? ती तिरकी काडी कुनाला येती?"

"रेकॉर्डिंग कुठे केलेस?"

"वालूरच्या शिवंवरल्या बारवंत. हितं दुकानात आवाज बसतो. बारवंत घुमतो. समद्याला पसंत पडला. सा गानी, एका दिसात."

"आणि ताशा सहाही गाण्यांत आहे?"

त्याने मान हलवली. "पाच गान्यात. एक गानं नुसतं मावशीचं आन् काकाच्या बेंजोचं हाय, त्यात न्हाई."

"वाजवताना कुणाला ऐकू आला नाही?"

"ड्रमच्या दनक्यात काय ऐकू येतंय? म्या वर झाडाखाली होतो, मशीनकडं बगत. नंतर घरी बारीक बारीक आवाज फुगवून वर घेतले, तवा त्यो वर आला. पानी आटल्यावर इहिरीतलं दिसतंय ना, तसा."

"त्या दिवशी वेगळे काय घडले? काहीही सांग."

त्याने डोके खाजवले. "तसं काय न्हाई. ऊन लय. काका चिडचिड करायलते. दिनकरभाऊ दिसभर कानाला मफलर गुंडाळून. कान ठनकतो म्हनले."

"एवढ्या उन्हात मफलर?"

"म्हाताऱ्या मानसाचं काय सांगावं, मावशी."

तात्याराव ओसरीवर बेंजोच्या तारा उतरवत बसले होते. आता तो कुणी वाजवू नये म्हणून.

"म्या कशाला करू असलं?" ते म्हणाले. "मला हे कोकलनं पसंत न्हवतं, कबूल. पर त्या दिशी, बाई, खरं सांगू का? त्या दिशी मजा आली. दिनकर असा वाजवला, असा वाजवला! बन्सीधर गेल्यापसून त्याचा हातच चालत न्हवता. सरावात दर गान्याला घसरायचा. आन् त्या दिशी घड्याळावानी. एक ठोका हिकडं न्हाई, तिकडं न्हाई." ते एकदम थांबले. त्यांचा चेहरा उतरला. "त्याच्या अंगात तर आला नसंल?"

"दिनकररावांना विचारलेत?"

"विचारलं. काय बोलतच न्हाई. नुसता रडतो." तात्यारावांनी शेवटची तार सोडली. ती थरथरत गप्प झाली. "पुसून टाका म्हनलं मी. ताशा घरच्या खुंटीवर हाय त्याचा, वालूरला. तानुबाईनं हात लावू दिला न्हाई कुनाला. वरीस सरंस्तवर मेलेल्याचं वाद्य वाजवीत न्हाईत, ही रीत हाय आमची. मंग कोनच्या ताशावर वाजवायलाय त्यो? तेवडं सांगा मला."

४

जीपमध्ये बसून मंजुषाताई वालूरला गेल्या. बन्सीधरची बायको तानुबाई दारातच कापसातली सरकी काढत बसली होती. तिने मान वर केली नाही.

"गान्यात ताशा वाजला म्हनं," ती म्हणाली. "गावभर झालंय. बरं झालं. त्येच्या तेराव्याला येऊन जेवले आन् म्हैना न्हाई लोटला तर लागले गायाला. वाजवू द्या त्याला. भिऊ द्या त्यास्नी."

"तानुबाई, तुम्हाला ताशा येतो?"

आता तिने वर पाहिले. "चाळीस वरसं त्याच्या संगं काडली. भाकरी थापायची तर परातीवर त्योच ताल. येतो मला. का न्हाई येनार?" तिने बोटांनी सुपावर दोन ठोके सरळ आणि तिसरा तिरका वाजवला. मंजुषाताईंनी तिच्या बोटांकडे पाहिले. "पर म्या वाजवला न्हाई. पटत नसंल तर बगा आत जाऊन."

आत अंधार होता. खुंटीवर ताशा टांगलेला होता, तोंड भिंतीकडे. मंजुषाताईंनी तो हळूच फिरवला. जुना तांब्याचा ताशा, बकऱ्याच्या कातड्याचे पान. असा ताशा वाजवण्याआधी जाळावर शेकावा लागतो, तेव्हा कुठे पान ताणते. हे पान सैल पडून लोंबले होते. आणि मधोमध मुठीएवढे भोक होते.

"उंदरानं खाल्लं," तानुबाई मागून म्हणाली. "संकरातीनंतर. त्यो म्हनायचा, मढवून आनतो. तेवड्यात गेला."

म्हणजे बँड बारवेत उतरला तेव्हा हा ताशा वाजूच शकत नव्हता. जिवंत माणसाच्या हातातही नाही.

मंजुषाताईंना तिथूनच परत फिरायचे होते. लहानपणापासून त्यांना बारवेची भीती. साती आसरा पाण्यातून हात काढतात आणि पोरींना वेणीला धरून ओढतात, असे आजी सांगायची. छबू मुद्दाम पायऱ्यांवर वेणी सोडून बसायची आणि मंजुषा वर उभी राहून रडायची. आज छबू भिंतीकडे तोंड करून पडली होती. आज तिच्यासाठी मंजुषालाच खाली उतरायला हवे होते.

बारवेच्या पायऱ्या उन्हाने तापल्या होत्या. खाली उतरू तसतसा गारवा लागला, मग शेवाळाचा वास. तळाला हिरवे पाणी. एक कबूतर फडफडले आणि त्याचे दहा झाले. मंजुषाताईंनी घसा खाकरला. चारी भिंतींनी घसा खाकरला. त्यांनी टाळी वाजवली. टाळी गेली, फिरली, परत आली, पुन्हा गेली.

त्या तशाच उभ्या राहिल्या. गाण्यातला छबूचा आवाज असाच परतून येत होता. बेंजो परतून येत होता. ड्रम तर ढगासारखा गडगडत होता. आणि ताशा? तो कोरडा होता. एकदा वाजला की संपला. बारवेत खोकला घुमतो, पंख घुमतात. एकटा ताशा तेवढा घुमत नव्हता.

म्हणजे तो बारवेत वाजलाच नव्हता. मग कुठे?

तेवढ्यात त्यांना तो वास आला. विडीचा.

शेवटच्या पायरीवर पळसाची पत्रावळ मांडलेली होती. तिच्यावर भात, वांग्याची भाजी, बुंदी. कडेला जोडीने ठेवलेल्या ताशाच्या दोन काड्या. आणि दगडावर एक विडी, कुणी नुकतीच पेटवून ठेवल्यासारखी, अजून धुमसत होती.

बारवेत दुसरे कुणी नव्हते.

५

त्या कशा वर आल्या ते त्यांना नंतर आठवले नाही. चप्पल खालीच राहिली. रस्त्यावर आल्यावर त्यांना सेलूकडे जाणाऱ्या जीपची धूळ दिसली, आणि धूळ दिसली म्हणून जरा जिवात जीव आला. भूत जीपने जात नाही.

सुग्रीवचे घर वाटेतच होते. पूर्वी तो वरातीला घोडी पुरवायचा, आता फुलांनी सजवलेली मोटार पुरवतो. दारात मोटार धूत होता.

"सुग्रीवभाऊ, अलीकडे तुमच्या घोडीवर वरात कुठे निघाली?"

"कोनच्या घोडीवर?" तो हसला. "चांदनीला मरून आट वरसं झाली, बाई. तिच्यामागं घोडी घेतलीच न्हाई."

मंजुषाताई मोटारीला टेकल्या. मेलेला माणूस आणि मेलेली घोडी. उन्हात उभ्या असून त्यांना थंडी वाजून आली. पण त्याच वेळी डोक्यात काहीतरी हलले. त्यांनी स्वतःला बजावले, बाई, आता भिऊ नकोस, ऐक. आयुष्यभर जे केलेस तेच कर.

"तिच्या गळ्यातले एक घुंगरू फुटके होते. खट् वाजायचे."

सुग्रीवने फडके खाली ठेवले. "तुमाला कसं मालूम? ते एकाच दिशी वाजलं तसं. दिनकररावच्या पोरीच्या, पंकजाच्या लग्नात. सकाळी सीमांतपूजनाला पोरांनी फटाका लावला, चांदनी बुजली, ट्रॅक्टरला धडकली. घुंगरू चेपलं. सांजच्याला तसंच घिऊन वरात काडली, आन् दुसऱ्या दिशी म्या ते तोडून फेकून दिलं. त्याच पावसाळ्यात तिला पान लागलं. साप चावला, बाई. पंकजाची वरात तिची शेवटची."

आता मंजुषाताईंना ते 'खट्' आठवले. त्या स्वतः त्या वरातीत होत्या. हिरवी इरकल नेसून, छबूच्या हातगाडीशेजारून चालत होत्या. बाकीचा बँड मागे दम खात होता आणि घोडीपुढे एकटा बन्सीधर वाजवत होता.

सगळे समोर होते. त्यांची भीती गेली नाही, नुसती जागा बदलून बसली. आता त्यांना भुताची भीती नव्हती. जे सांगावे लागणार होते त्याची होती.

६

अमावास्येच्या आदल्या दिवशी सकाळी सगळे पुन्हा रविकांतच्या दुकानात जमले. छबूबाईला दोन शेजारणींनी धरून आणले. तानुबाईही आली, ती दाराशी पाय दुमडून बसली. दिनकरराव कोपऱ्यात होते. तात्यारावांनी रविकांतला आधीच सांगून ठेवले होते की बोलणे झाले की सगळे पुसायचे.

"पुसायच्या आधी माझे ऐका," मंजुषाताई म्हणाल्या. "ताशा बारवेत वाजला असता तर घुमला असता. तो घुमलेला नाही. म्हणजे तो इतका बारीक वाजला की फक्त माईकलाच कळला. माईकच्या अगदी जवळ, एखाद्या डबीतून."

"डबीतून?" तात्याराव म्हणाले.

"डबी कोणती ते सांगते. गाणे थांबले तरी तो वाजत राहिला. वाजवणाऱ्याला तुमचे गाणे ऐकूच येत नव्हते. आणि त्याच्या मागे सुग्रीवची चांदणी आहे, फुटक्या घुंगराची. तसे घुंगरू आठ वर्षांपूर्वी एकाच संध्याकाळी वाजले, पंकजाच्या वरातीत. म्हणजे कोणी आज वाजवलेले नाही. ते जुने रेकॉर्डिंग आहे."

छबूबाईने मान वर केली.

"पाच गाण्यांत ताशा आहे, एका गाण्यात नाही. त्या एका गाण्यात ड्रम नाही. आणि ड्रम वाजवणाऱ्याने भर वैशाखात कानाला मफलर गुंडाळली होती. बन्सीधर गेल्यापासून त्याचा हात घसरत होता, आणि त्या एका दिवशी घसरला नाही." त्यांचा आवाज हळू झाला. "तुम्हाला वाटले, बन्सीधर बँडच्या मागे मागे येतोय, प्रत्येक ठोक्याला बरोबर कसा येतोय. तो मागे येत नव्हता. बँड त्याच्या मागे चालला होता. नेहमीसारखा."

 मंजुषाताई दिनकररावांजवळ गेल्या आणि त्यांच्या बऱ्या कानाशी वाकल्या.

"दिनकरराव, पंकजाच्या लग्नाची वरात तुमच्या फोनमध्ये आहे ना?"

 कोटाच्या खिशातून दिनकररावांनी जुना बटणांचा फोन काढला आणि तो निखारा असावा तसा समोर टाकला.

"त्यो माज्या कानात होता, बाई," ते म्हणाले. "माज्या एकट्याच्या. फोन मफलरमदी बांदला, फुल आवाज केला. माजा ह्यो कान बसलेला, म्हनून. जलमभर ड्रम वाजवला पर ठेका माजा कदी न्हवताच. त्याच्या ताशाकडं बगून हात चालायचा. त्यो गेला आन् माजे हात मेले. कुनाला सांगू? ड्रमवाला आन् ठेका येत न्हाई?" ते तोंड झाकून म्हणाले, "तुमी म्हनले बन्सीचा ताशा ऐकू यायलाय. मला तर त्या दिशी दुकानात काईच ऐकू आलं न्हाई. म्या म्हनलं, माज्या कानातला माज्यापशी. भाईर कसा आला? त्योच निगून आला म्हनलं. म्याच त्याला बलवला. म्हनून बारवंत त्याचा निवद ठिवून आलो."

"आणि विडी पेटवून ठेवलीत. माझा जीव घेतला होतात," मंजुषाताई म्हणाल्या.

रविकांतने फोन मफलरमध्ये गुंडाळला, माईकसमोर धरला आणि वरात लावली. स्पीकरमधून तोच ताशा आला. बारीक, कोरडा, घाईचा. छुम, छुम, खट्.

छबूबाई उठली. कुणीही धरले नव्हते. ती सरळ दिनकररावांसमोर जाऊन उभी राहिली.

"मुडद्या! चार दिस पोटात अन्न न्हाई माज्या! रोज दारात यिऊन माघारी जायलास, तोंडात काय बेंजो कोंबला होता?"

"माज्या बेंजोला का मदी घेती?" तात्याराव म्हणाले, आणि तानुबाई दाराशी फिसकन हसली. तीन महिन्यांत पहिल्यांदा.

पण छबूबाई हसली नाही. ती स्पीकरकडे वळली. ताशा चालूच होता. तिने स्पीकरच्या जाळीवर हात ठेवला, एखाद्याच्या छातीवर ठेवावा तसा.

"म्हंजी अडलंच की," ती म्हणाली. "मी म्हनलं, तुज्यावाचून काय अडतंय. अडलं रे बन्सी. लय अडलं."

मग ती रविकांतला म्हणाली, "पुसू नको."

"पर वरीस सरलं न्हाई," तात्याराव म्हणाले. "रीत…"

"रीत वाद्याची हाय," तानुबाई म्हणाली. "वाद्य माज्या खुंटीला हाय, भोक पडल्यालं. हे तर त्येनं जित्तेपनी वाजवल्यालं. वाजू द्या. फकस्त त्येचं नाव पयलं घ्या."

७

पाच गाणी तशीच राहिली. ताशा नसलेले सहावे गाणे मात्र छबूबाईला पुन्हा करायचे होते, सगळ्यांना घेऊन.

अमावास्या उलटल्यावर सगळे बारवेत उतरले. तानुबाई आणि मंजुषाताई पायरीवर शेजारी शेजारी बसल्या. या वेळी फोन मफलरमध्ये नव्हता. माईकच्या पुढ्यात, सगळ्यांना दिसेल असा दगडावर ठेवला होता. दिनकररावांनी त्याच्याकडे पाहून काड्या उचलल्या.

कारण कळले होते, तरी भीती गेली नव्हती. छबूने माईकचा दांडा दोन्ही हातांनी गच्च धरला.  पण तिने तोंड उघडले, आणि जो आवाज निघाला तो घाबरलेल्या बाईचाच होता. घाबरलेला, चिडलेला, चिरका. चारी भिंती तो परत फेकत होत्या आणि ती पुन्हा अंगावर घेत होती. 'पाव्हणे गेले, आमचं ताट कुटं ठेवलं?' कबुतरे उडून गेली. लाल कोट घालून हातगाडीवर उभी असलेली पोरगी मंजुषाताईंना पुन्हा दिसली.

गाणे संपले. रविकांत वरून यंत्र बंद करणार होता, पण छबूबाईने हात वर केला. सगळे थांबले. ताशा वाजत होता. तो हळूहळू लांब गेला, घुंगरे लांब गेली. वरात मांडवापाशी पोचली असावी. फोनमधले रेकॉर्डिंग इतक्या पुढपर्यंत कधी कोणी ऐकलेच नव्हते.

ताशा थांबला. आणि फोनमधून, अगदी जवळून, बन्सीधर बोलला, दमलेला, खुशीत:

"चला रे, पंगत बसली!"

या वेळी ते बारवेने उचलले. इकडून, तिकडून, पाण्यावरून, खालून. बसली… बसली… बसली…

तात्यारावांच्या हातातून बेंजो निसटला. तानुबाईने पदर तोंडात कोंबला. मंजुषाताईंनी डोळे मिटून घेतले. आठ वर्षांपूर्वीचे साधे जेवायचे बोलावणे होते ते, त्यांना पक्के ठाऊक होते, तरी डोळे उघडायचा धीर होईना. दिनकरराव सगळ्यांच्या तोंडाकडे पाहत विचारत होते, "काय म्हनला? आरं, काय म्हनला त्यो?"

छबूबाईने माईक जवळ ओढला. 

"तू बस," ती पाण्याकडे पाहून मोठ्याने म्हणाली. "आमी येतो मागून. घाई न्हाई."

घाई न्हाई, बारव म्हणाली. घाई न्हाई. घाई न्हाई.

अल्बम तिथेच संपतो.